पाच मिनिटांचा डाव

चिखलीच्या बसस्टँडसमोर कामरानचं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकानात तीन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन, अंगठा घेण्याचं एक छोटं यंत्र आणि दाराजवळ प्लॅस्टिकची एक खुर्ची. खुर्चीवर कामरानचे वडील फकीर मोहम्मद बसतात. दुकानातल्या प्रत्येक वस्तूला काही ना काही काम होतं. खुर्चीला आणि खुर्चीवरच्या माणसाला मात्र बरीच वर्षं नव्हतं.

त्याआधी त्यांना काम होतं, आणि भरपूर होतं. फकीरभाई मूळचे उंद्रीचे. घर पिंजाऱ्याचं. बाप गावोगाव हिंडून कापूस पिंजायचा, गाद्या भरायचा. मुलानं जिल्हा परिषदेच्या शाळेत चार इयत्ता काढल्या आणि पाचवीच्या वर्षी वामनरावांच्या फिरत्या टॉकीजच्या मागं लागून तो जत्रेला निघून गेला. वामनराव उंद्रीचे मोठे जमीनदार. शेतीतून उरेल ते ते तंबूत घालत. फकीरनं आधी तंबूतल्या जमिनीवर पाणी शिंपडलं, मग पोस्टरं चिकटवली, मग ऑपरेटरच्या हाताखाली पेट्या उचलल्या, आणि मिसरूड फुटायच्या सुमाराला तो स्वतःच ऑपरेटर झाला. सिनेमा त्याला गोष्ट म्हणून कधी कळला नाही, रिळं म्हणून कळला. एखाद्या सिनेमाची आठवण काढली की नायिकेचा चेहरा येण्याआधी त्याला रीळ कुठं तुटायचं ते आठवायचं.

तंबू कापसावर चालायचा. दिवाळीनंतर वेचणीचा कापूस विकला जायचा, लोक जत्रेला निघायचे, आणि वामनरावांचे दोन ट्रक त्यांच्या आधी तिथं पोचलेले असायचे. नव्या बियाण्याची पाकिटं आली तेव्हा पहिली काही वर्षं झाडं बोंडांनी वाकली. तंबूत बसायला जागा मिळेना. वामनरावांनी नवीन पडदा शिवून घेतला. मग पाकिटामागून फवारण्या आल्या, पाऊस नको तेव्हा आला, हवा तेव्हा आला नाही, आणि घरोघर सीडीची यंत्रंही आली. लोक जत्रेला यायचे, पण तंबूपुढून नुसतेच जायचे. मशीनजवळ उभं राहून फकीरभाई त्यांच्या पाठी मोजायचे. एका वर्षी शेती आणि सिनेमा दोन्ही एकदम बसले, तेव्हा वामनरावांनी शेती ठेवली. तंबूचं कापड एका जिनिंगवाल्यानं घेतलं. चिखलीहून उंद्रीला जाताना फकीरभाईंना ते कापड एसटीच्या खिडकीतून दिसायचं. कापसाच्या ढिगावर पसरलेलं, दगडांनी दाबलेलं.

मग खुर्ची.

लोक दुकानात येत. सातबारा काढायचा, आधार जोडायचं, नुकसानीचा अर्ज भरायचा. फकीरभाईंना विचारण्यासारखा एकच प्रश्न त्यांच्याकडे असे, "चाचा, नंबर कवा लागते?" आणि त्याचं उत्तर फकीरभाईंना ठाऊक नसे. ते हात कामरानकडं करत. हळूहळू त्यांनी तेही करायचं सोडलं. घरी जेवताना, दुकानात, मशिदीच्या पायऱ्यांवर, ते असत आणि बोलत नसत. कामरानला वाटायचं अब्बांना ऐकू कमी येतं. एकदा डॉक्टरकडं नेऊन आणलं. कान ठीक होते.

कामरानची धाकटी बहीण शाइस्ता दुपारचं दुकान सांभाळायची. तिनं चिखलीच्या कॉलेजातून मराठी घेऊन बी.ए. केलं होतं, आणि ती 'मॅटिनी कट्टा' नावाच्या एका वेबसाइटवर सिनेमांविषयी लिहायची. कट्ट्यावर पुण्यामुंबईची, नागपूरची, परदेशातलीही मराठी माणसं होती. कुणी परीक्षण लिही, बाकीचे त्याची साल काढत. शाइस्ता साल काढण्यात वस्ताद होती. तिथं तिचं नाव 'शाइस्ता चिखली' एवढंच होतं.

दर शुक्रवारी, मॅटिनीच्या वेळेला, कट्ट्यावर डाव मांडला जाई. एकानं कुठल्याही सिनेमातला एक प्रसंग एका ओळीत लिहायचा. नटाचं नाव नाही, सिनेमाचं नाव नाही. बाकीच्यांनी पाच मिनिटांत सिनेमा ओळखायचा. पहिलं बरोबर उत्तर देणारा जिंकला, पुढचा प्रसंग त्यानं लिहायचा. नियम दोनच. आठवणीतून सांगायचं, शोधून नाही. आणि एका नावामागं एकच खेळाडू. पंच होत्या सुचिता नावाच्या पुण्याच्या एक बाई. त्या घड्याळाच्या फार कडक होत्या.

ज्या शुक्रवारी हे सुरू झालं त्या शुक्रवारी सरकारी सर्व्हर बंद होता. बाकावर चारपाच शेतकरी पेंगत होते. फकीरभाई जुम्याची नमाज आटोपून खुर्चीत येऊन बसले होते. शाइस्ता स्वतःशीच मोठ्यानं वाचत होती, "बाप मुलाला विहिरीत उतरवतो, आणि वरून गाणं म्हणत म्हणत दोर कापतो. काय असेल बाई हे?"

"पाटलाची पैज," मागून आवाज आला.

शाइस्तानं वळून पाहिलं.

"चौथं रीळ," फकीरभाई म्हणाले. "दोर कापते तठीच जोड होता. दर खेळाले तुटे. लोक मले शिव्या देत."

तिनं 'पाटलाची पैज' लिहिलं. उत्तर बरोबर होतं. पुढचा प्रसंग आता चिखलीनं सांगायचा होता, आणि तोही फकीरभाईंनीच सांगितला. असा अवघड सांगितला, की पाच मिनिटं संपली आणि कुणालाच आला नाही.

पुढच्या शुक्रवारी ते दाढी नीट करून, इस्त्रीचा सदरा घालून आले. खुर्ची दाराजवळून उचलून कॉम्प्युटरजवळ नेली. शाइस्ता वाचायची, ते डोळे मिटायचे, आणि उत्तर यायचं. रिळाच्या नंबरासकट. हरले तर पंचबाईंना नावं ठेवायचे. "थे पुण्याची पंचबाई सोपं सोपं आपल्या मैत्रिणीयले देते, अवघड आपल्याले." शनिवारी ते घरात बोलू लागले. रविवारी वरणात मीठ कमी आहे म्हणून भांडले. कामरान बायकोला म्हणाला, "अब्बा पहिले बरे होते." पण तो हसत होता.

शाइस्ताला एक टोचणी होती. नाव तिचं, उत्तरं अब्बांची. एका नावामागं एकच खेळाडू. तिनं एकदा म्हटलं, "अब्बा, मी लिहून टाकते ना कट्ट्यावर. की तुम्ही खेळता म्हणून."

"कायले? काढून टाकतीन तुले."

"मग खोटं झालं ना."

"उत्तर खोटं हाय का?" ते म्हणाले आणि भिंतीकडं पाहू लागले. त्यांच्या त्या पाहण्याची शाइस्ताला भीती वाटायची. तसेच वर्षानुवर्षं ते भिंतीकडं पाहत बसले होते. तिनं विषय सोडला.

बोंडअळीच्या त्या हिवाळ्यात ती टोचणी वर आली. गुलाबी अळीनं आख्ख्या जिल्ह्याची बोंडं आतून पोखरली होती. वरून हिरवं बोंड, फोडलं की आत किडलेला, कवडीसारखा घट्ट झालेला कापूस. दुकानापुढं नुकसानीच्या अर्जाची रांग पार पानटपरीपर्यंत जायची. आणि त्याच दिवसांत कट्ट्यावर 'जुनं पोस्टर' नावाच्या एका सभासदानं लिहिलं, "चिखलीच्या ताई प्रश्नाचा पूर्णविराम पडायच्या आत उत्तर देतात. इतकी आठवण माणसाला नसते. नेटला असते." खाली हसणारे चेहरे पडले. आणखी एकानं लिहिलं, "कापसापेक्षा गुगलचं पीक बरं आलेलं दिसतंय तिकडं."

शाइस्तानं ते वाचून दाखवलं नाही. पण फकीरभाईंना मराठी वाचता येत होतं, आणि आता त्यांची खुर्ची जवळ होती.

सुचिताबाईंनी निकाल दिला. पुढच्या शुक्रवारी एकच प्रश्न, फक्त चिखलीसाठी. कुठल्याही परीक्षणात, नेटवर कुठंही सापडणार नाही असा. बरोबर आलं तर शंका घेणाऱ्यांनी माफी मागायची. चुकलं तर चिखली डावातून बाद.

तो आठवडा फकीरभाईंनी जेवणात लक्ष दिलं नाही. कामरानच्या बायकोनं विचारलं, "अब्बा, तब्येत?" ते म्हणाले, "बाद झालो त मंग काय, बसीनच खुर्चीवर." तिला काही कळलं नाही. शाइस्ताला कळलं.

शुक्रवारी सर्व्हर पुन्हा बंद पडला. रांग आत सरकून दुकानातच कोंबली गेली होती. बहुतेक जण उंद्रीकडचे. सगळ्यात पुढं मनकर्णाबाई. वय झालेली, कापूस वेचून वेचून बोटांच्या रेषा गेलेल्या. यंत्र तिचा अंगठा घेत नव्हतं. ती अंगठा लुगड्याला पुसायची, पुन्हा ठेवायची, यंत्र पुन्हा लाल व्हायचं. तिच्यामागं तुळशीराम, कोरडवाहू कापूसवाला, बोलण्यात मोकळा.

पडद्यावर प्रश्न आला. शाइस्तानं वाचला. "सिनेमा, लाल टांगा. शेवटच्या मारामारीत टांगेवाल्याचा एक हात मोडतो, आणि दुसऱ्या हातानं तो चाबूक चालवतो. कोणता हात मोडतो?" कोपऱ्यात घड्याळ उलटं पळू लागलं.

फकीरभाईंनी डोळे मिटलेसुद्धा नाहीत. "उजवा मोडते. चाबूक डाव्यात. लिही."

शाइस्ताची बोटं थांबली. "नाही अब्बा. डावा मोडतो. मी कितींदा पाहिलाय लाल टांगा. सारवण गावच्या जत्रेत, आपल्याच तंबूत, रोज."

"लिही म्हणतो ना. दीडशे खेळ चालवले म्या त्याचे."

"हाव हाव, डावाच मोडते," मनकर्णाबाई अंगठा पुसत म्हणाली. "धाडकन पडते अन् डावा हात असा लोंबते. मी रडली होती ना."

तुळशीराम मागून म्हणाला, "काय सांगतं वं माय! उजवा लोंबते. मी समोर बसलो होतो, पह्यल्या रांगेत. त्याचा थुका माह्या अंगावर उडे."

"तुले तवा दिसत होतं का बे? दारू पिऊन बसे तू."

"अन् तू रडून रडून पदर डोयाले लावे! पदरातून हात दिसला काय?"

रांग पेटली. गड्यांनी उजवा म्हटलं, बायांनी डावा. एकानं बाहेर पानटपरीवर ओरडून विचारलं, तिकडूनही दोन उत्तरं आली. कुणीतरी उठून हात लोंबवून करून दाखवला, आणि मग त्यालाच कळेना आपला कोणता हात लोंबतो आहे. अंगठ्याचं यंत्र टेबलावरून पडता पडता राहिलं.

"शाइस्ता, वेळ संपून राह्यला! उजवा!"

"अब्बा, मी डोळ्यांनी पाहिलाय!"

घड्याळात थोडेच सेकंद उरले होते. शाइस्ताला आपल्या आईशेजारी मांडी घालून बसलेली लहान शाइस्ता दिसत होती, आणि समोर पडद्यावर टांगेवाल्याचा मोडलेला हात. तो डावा होता. त्यात काही शंकाच नव्हती. तिनं 'डावा' लिहिलं आणि पाठवलं.

सुचिताबाईंचं उत्तर लगेच आलं. "चूक. उजवा. माझ्याकडे सिनेमाची जुनी प्रत आहे, आत्ताच पाहून घेतलं."

"जितलो!" तुळशीराम ओरडला. गड्यांनी टाळ्या पिटल्या. मग फकीरभाईंचा चेहरा पाहून एकेकाच्या टाळ्या थांबल्या.

"जितलो नाई, बाद झालो बे," ते शांतपणे म्हणाले.

शाइस्ताच्या डोळ्यांत पाणी आलं. "अब्बा, खरंच डावा होता."

फकीरभाई तिच्याकडं बघत राहिले. रागावलेले नव्हते, काहीतरी शोधत होते. "तू कुठं बसत होती तंबूत?"

"अम्मीजवळ. बायांत."

"अन् बाया कुठं बसत?"

"मागच्या बाजूनं," मनकर्णाबाईनं सांगितलं. "पडद्याच्या मागं. तुमीच त बसवत होते ना भाऊ. गडी समोर, बाया मागं."

वामनरावांच्या तंबूत पडदा टोकाला नसायचा, मधोमध असायचा. पुढून गडी पाहायचे, मागून बायापोरं. पडदा पातळ, चित्र दोन्हीकडून सारखंच उठून दिसायचं. फक्त मागून पाहणाऱ्यांना डावं ते उजवं आणि उजवं ते डावं. नावंही उलटी यायची, पण बायांपैकी वाचायचं कुणाला होतं. साऱ्या पंचक्रोशीतल्या बायांनी वर्षानुवर्षं असा सिनेमा पाहिला होता, आणि मशीनजवळ उभ्या असलेल्या फकीरभाईंच्या कधी मनात आलं नव्हतं की पलीकडं दुसराच सिनेमा चालू आहे.

"आत्ता!" तुळशीराम हसू लागला. "म्हंजे या समद्यायनं उलटा सिनेमा पाह्यला!"

"उलटा कायचा?" मनकर्णाबाई म्हणाली. "तुमचाच उलटा असन. मी अशी रांगेत उभी राहो का तशी, माह्या टांगेवाल्याचा डावाच मोडते."

फकीरभाई पहिल्यांदा हसले. मग खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "लिही बेटा. समदं लिही. कोण बोलत होतं थेही लिही."

"मग नक्की बाद करतील."

"चुकीच्या कारणानं झालो, आता बरोबर कारणानं होऊ. लिही."

तिनं लिहिलं. तंबू, पडदा, गडी, बाया, डावा, उजवा. आणि शेवटी, की उत्तरं देणारे माझे वडील आहेत, फकीर मोहम्मद, ते त्या तंबूत ऑपरेटर होते, आणि आजचं चुकीचं उत्तर तेवढं माझं आहे.

 कट्ट्यावर प्रश्न पडू लागले, धडाधड. पडदा कशाचा होता? मागच्या बाजूचं तिकीट स्वस्त होतं का? मारामारीत गडी आणि बाया एकदमच ओरडायचे का? 'जुनं पोस्टर'नं माफी मागितली, जराशी वाकड्या तोंडानं, पण मागितली. नेटवरून चोरणाऱ्याची अशी चूक होऊच शकत नाही, हे सगळ्यांनी मान्य केलं.

सुचिताबाईंनी सगळ्यात शेवटी लिहिलं. शंका मागं घेतली आहे. पण एका नावामागं दोन खेळाडू होते, आणि हे मुद्दाम होतं. त्यामुळं 'शाइस्ता चिखली' हे नाव येत्या गणपतीपर्यंत डावातून बाद. परीक्षणं लिहायला मोकळीक आहे. फकीर मोहम्मद यांना खेळायचं असेल तर त्यांनी स्वतःच्या नावानं आणि स्वतःच्या बोटांनी खेळावं. कुणी वाचून दाखवायचं नाही, कुणी लिहून द्यायचं नाही.

"बाई कडक हाय," मनकर्णाबाई म्हणाली. तेवढ्यात सर्व्हर आला आणि रांग पुन्हा रांग झाली.

संध्याकाळी दुकान बंद करताना फकीरभाई म्हणाले, "माह्यामुळं तू बाद झाली."

"हो," शाइस्ता म्हणाली. तिला राग आला होता आणि तो लपवावा असं तिला वाटलं नाही. "मी सांगते म्हटलं तेव्हा तुम्ही सांगू दिलं नाही."

"मंग मीबी नाई खेळत."

"त्यानं मला काय मिळणार? तुम्ही पुन्हा दाराजवळ बसाल, आणि मग कामरानभाई तुम्हाला कानाच्या डॉक्टरकडं नेईल." कुलूप लावता लावता ती म्हणाली, "कट्ट्यावर तुमच्या नावाचं वेगळं खातं काढून देते. लिहायचं ते तुम्ही शिका."

कामराननं एक जुना मोबाइल दिला, मराठी अक्षरांचा. फकीरभाईंनी चौथीनंतर काही लिहिलं नव्हतं. रीळ लावताना ज्या बोटांनी केसाएवढी चूक होऊ दिली नव्हती ती बोटं काचेवर भलत्याच अक्षरावर पडायची. 'क'वर दाबलं की 'ख' उठायचा. काना एकीकडं, वेलांटी दुसरीकडं, आणि जोडाक्षर म्हटलं की ते उठून पाणी प्यायला जायचे. शाइस्ता शेजारी बसून दाखवायची, फक्त शुक्रवार सोडून. शुक्रवारी ती मुद्दाम दुसऱ्या टोकाला, झेरॉक्सजवळ थांबायची.

पहिल्या शुक्रवारी ते मोबाइल हातात धरून बसले. दुकानात गर्दी होती. मनकर्णाबाई पुन्हा आली होती. तिचा अंगठा अजून उमटलेला नव्हता, आता तहसीलमधून कागद आणायचा होता. प्रश्न आला. फकीरभाईंनी ओठ हलवत वाचला. उत्तर त्यांना वाचता वाचताच आलं. शाइस्तानं लांबून पाहिलं, अब्बांच्या खांद्यांवरून तिला ते कळलं. ती झेरॉक्सचे कागद लावत राहिली.

ते एकेक अक्षर दाबू लागले. एक चुकलं, पुसलं. दुसरं चुकलं, पुसताना पहिलंही पुसलं गेलं. कपाळाला घाम आला. कुणीतरी विचारलं, "चाचा, नंबर कवा..." आणि त्यांनी न पाहताच हात वर केला, थांब म्हणून. तो माणूस खरोखर थांबला.

उत्तर गेलं. तोवर डाव संपला होता, नागपूरच्या कुणीतरी जिंकला होता, पुढचा प्रश्नही पडला होता. त्यांच्या उत्तराखाली पंचबाईंची ओळ आली, "बरोबर आहे फकीरभाई, पण उशीर झाला. पुढचा घ्या."

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. इतकी वर्षं त्यांची कुणी वाट पाहत नव्हतं, म्हणून त्यांना कुठं उशीरही होत नव्हता.

"काय झालं भाऊ?" मनकर्णाबाईनं विचारलं.

"उशीर झाला म्हणते."

"मंग हासून काऊन राह्यले?"

"बोलू नको आत्ता," फकीरभाई म्हणाले, चष्मा नाकावर चढवला, आणि पुढचा प्रश्न वाचायला लागले.